बाबांचा वॉल

सिंगापूरला बुओना व्हिस्टातल्या एका काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर बसून मी सहा वर्षं कम्प्युटरवर माणसाचं हृदय चालवलं. म्हणजे नक्की काय केलं हे सांगायला मला दहा मिनिटं लागायची आणि ऐकणाऱ्याचा धीर तिसऱ्या मिनिटाला सुटायचा. म्हणून मग मी थोडक्यात सांगायला शिकले. एखाद्या पेशंटचे स्कॅन घ्यायचे, त्यावरून त्याच्या हृदयाचा हुबेहूब आकार कम्प्युटरमध्ये बांधायचा, त्या आकाराचे लाखो बारीक तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यातून रक्त किती वेगाने जाईल, तिथे दाब किती पडेल याची गणितं सोडवत बसायचं. खऱ्या हृदयाला एक ठोका द्यायला सेकंदही लागत नाही. आमच्याला दोन दिवस लागायचे, आणि तेही मध्येच गणित फिसकटलं नाही तर.

फिसकटलं की आम्ही म्हणायचो, पेशंट गेला. जेवायला खाली हॉकर सेंटरमध्ये उतरलं की रांगेत हीच चर्चा: तुझा गेला का, माझा सकाळीच गेला, काल तर तीन गेले. कोपी, म्हणजे तिथली कॉफी, देणारी चिनी आँटी कित्येक महिने हे ऐकत होती. एक दिवस तिला राहवलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचं हॉस्पिटल कुठलं ते एकदा सांगून ठेव. मी आजारी पडले तर तिकडे जाणार नाही."

मी डॉक्टर नाही. मी मूळची पाइपवाली. हृदयात शिरण्याआधी चार वर्षं मी रिफायनरीच्या पाइपांतून तेल कसं वाहतं याची गणितं करत होते. नवरा अजूनही त्याच धंद्यात होता; रोज सकाळी गळ्यात पास अडकवून जुरोंग आयलंडला जाणारी कंपनीची बस पकडायचा. मला या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, तेलाऐवजी रक्त जमेल का? मी म्हटलं, पाइप तो पाइप. मुलाखत घेणारे हसले आणि मला घेतलं. पण एकदा 'हृदयावर काम करते' म्हटल्यावर लोकांना कोण थांबवणार? आमच्या काँडोतली मराठी मंडळी लिफ्टमध्ये मला कोलेस्टेरॉलचे आकडे सांगू लागली. गणपतीत आरती झाली की प्रसादाचं ताट एका हातात आणि स्वतःचा ईसीजी दुसऱ्या हातात घेऊन एक बँकेतले काका हमखास माझ्याकडे यायचे. मी सुरुवातीला म्हणायचे, अहो, मी इंजिनिअर आहे. मग म्हणेनाशी झाले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. चार लोक आपल्याला विचारतात म्हटल्यावर कोणाला आवडत नाही?

त्यात माझा एक जुना दुर्गुण आहे. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत मला दम निघत नाही. अर्धं ऐकलं की उरलेलं मला कळलेलंच असतं, असं मला वाटतं. आई म्हणते, तू जन्मलीस तीच मध्ये बोलत. नवऱ्याने तर लग्नानंतर वर्षभरात मोठी वाक्यं बोलणंच सोडून दिलं.

तर एका शनिवारी दुपारी जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये मी लेकीला शाळेचे बूट घेत होते. लेक सात वर्षांची, तिला एकही बूट पसंत पडत नव्हता आणि माझं डोकं तापलेलं. तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन.

"ह्यांना जरा दम लागत होता म्हणून डॉक्टरांकडे नेलं होतं. इको काढला. वॉलचा प्रॉब्लेम निघालाय गं."

"वॉलचा? काय म्हणाले नक्की?"

"थांब, रिपोर्टच वाचते. हं. वॉल थिकन्ड, असं लिहिलंय बघ. आणि पुढे..."

"बास, कळलं," मी म्हटलं. कळणारच! हृदयाची वॉल, म्हणजे भिंत, जाड होते ती बीपीने. बाबांना बीपी दहा वर्षांपासून होतं. आमच्या मॉडेलमध्ये तर भिंतीची जाडी हा आकडा मी रोज घालत होते. "आई, घाबरू नकोस. बीपी असलं की वॉल जाड होतेच."

"हो का? डॉक्टर म्हणाले, आता बदल..."

"बदल करायलाच हवेत! मीठ एकदम कमी. लोणचं, पापड बंद. आणि चालायला पाठव त्यांना. रोज पर्वती चढू दे. बसून बसून झालंय ते सगळं."

आई एवढंच म्हणाली, "तू म्हणतेस तर तसं." मी म्हटलं रिपोर्टचा फोटो पाठव. तिने पाठवला. त्यात निम्मा तिचा अंगठा होता आणि उरलेल्या निम्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती. मोठ्या अक्षरातलं हॉस्पिटलचं नाव तेवढं वाचता आलं. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं, आणि बूट घेऊन घरी आले.

मी चूक केली होती. साधीसुधी नाही, जिवाशी खेळ म्हणावा अशी. बाबांना ऑपरेशनची गरज होती आणि मी त्यांना लोणचं सोडायला सांगून मोकळी झाले होते. आणि हे मला कळायला दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षात आईने एकदा विचारलंही होतं, "मग बदलायचं नाही ना काही?" मी लॅपटॉपवर डोळे ठेवून म्हटलं, "काही बदलायचं नाही. जे चाललंय तेच चालू ठेवायचं." ती मिठाविषयी विचारते आहे असं मला वाटलं. बाबा बिचारे सगळ्या पुण्याला सांगत फिरायचे की डॉक्टरांना काय, घाईच असते. माझी मुलगी सिंगापूरला हृदयाचंच काम करते, ती म्हणाली नुसत्या पथ्याने होईल. डॉक्टरांनी ऑपरेशनचं ठरवायला परत बोलावलं होतं. ते गेलेच नाहीत. पर्वती मात्र चढत राहिले. आधी पूर्ण, मग निम्मी, मग पायथ्याशी बसून परत यायचे. मला सांगायचे, गुडघे बोलतात.

मग ते दोघं महिन्याभरासाठी आमच्याकडे आले. बाबा पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं जमिनीखालचे पाइप आणि त्यांच्यावर तगलेल्या पेठा सांभाळल्या होत्या त्यांनी. त्यामुळे सिंगापुरात बाकीचे लोक जे बघायला येतात त्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना आमच्या बाराव्या मजल्यावरच्या नळाचं कौतुक. नळ पूर्ण सोडायचे, धारेखाली तळहात धरायचे आणि म्हणायचे, "काय प्रेशर ठेवलंय बघ! आणि कधीही!" रस्त्यातलं प्रत्येक झाकण वाकून बघायचे. आई म्हणायची, लोक बघतायत. ते म्हणायचे, बघू देत, त्यांच्या बापाने बघितलंय का असं झाकण?

पण ते हळू चालत होते. एमआरटी स्टेशनाजवळच्या पादचारी पुलावर मधेच थांबायचे आणि खालच्या गाड्या बघतोय असं दाखवायचे. लेक पुढे पळून ओरडायची, "आजोबा सो स्लो लाह!" मी म्हणायचे, इथली दमट हवा, नव्या माणसाला होतंच. बघा, तेव्हाही मला सगळं माहीत होतं!

ते आल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुटुंबांना बोलवायचा दिवस होता. फुगे, वडे, मुलांना रंगवायला हृदयाची चित्रं. मी आईबाबांना छातीवर पाहुण्यांचं स्टिकर लावून माझ्या टेबलापाशी आणलं. लेक चित्राला निळा रंग देण्यात गुंग होती. मोठ्या स्क्रीनवर माझं हृदय सुरू केलं. ते फुगायचं, आक्रसायचं, लाल निळ्या रेषांनी रक्त आतून वळसे घेत जायचं. आई हात जोडते की काय असं मला वाटलं. बाबांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"हा पंप," ते म्हणाले. "ही मेन लाइन. बरोबर? परत येताना या बाजूने. आणि पाणी... म्हणजे रक्त उलटं येऊ नये म्हणून इथे काय ठेवलंय?"

"ते व्हॉल्व्ह, बाबा. झडपा. चार असतात."

"मग माझा कुठला खराब आहे? तो दाखव की."

"तुमचं ते नाही हो. तुमची वॉल जाड झालीय. ही बघा." मी हृदयाच्या भिंतीवर बाण फिरवला.

बाबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही भिंत झाली. मी वॉल म्हणतोय. अगं, वॉल! पाणी सोडायचा वॉल! पाइपावर बसवतो तो! डॉक्टर म्हणाले, वॉल पुरता उघडत नाही, बदलावा लागेल."

वॉल. पाणी खात्यातला वॉल! ज्या घरात मी वाढले त्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा शब्द. वॉल सोडला का, वॉल अडकलाय, वॉलमन सुट्टीवर आहे, शनिवार पेठेचा वॉल उशिरा सोडला म्हणून बायका घरी भांडायला आल्यात. आमच्या घरात व्हॉल्व्ह असं कोणी, कधीही म्हटलेलं नाही. मीसुद्धा अठरा वर्षांची होईपर्यंत वॉलच म्हणत होते. आणि बाहेर जाऊन, इंग्रजी पेपर वाचून वाचून मी इतकी शहाणी झाले की माझ्या बापाचा शब्द मला इंग्रजीत ऐकू आला. 'आता बदल' म्हणजे 'बदलावा लागेल' होतं. मी ते वाक्य संपू दिलं असतं तर?

"रिपोर्ट कुठाय?" मी विचारलं.

रिपोर्ट आईच्या पर्समध्ये होता. विमानात काही झालं तर असावा म्हणून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून आणला होता आणि तिथून काढलाच नव्हता. पहिल्याच पानावर सगळं होतं. हृदयातून अंगाकडे रक्त नेणाऱ्या मुख्य नळीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह जाड झालेला, चुना धरून कडक झालेला. किती उघडतो त्याचा आकडाही दिला होता. दीड वर्षापूर्वीच तो आकडा वाईट होता, आणि त्या आकड्यावर मी त्यांना पर्वती चढायला लावली होती.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं, तेव्हा म्हणाले, "तुझ्या मशीनमध्ये माझे आकडे घालून दाखव बघू."

मोठ्या मॉडेलला दोन दिवस लागले असते. पण आमच्याकडे एक छोटं मॉडेलही होतं. त्यात चित्रबित्र काही नाही. हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे पाइप, मधे व्हॉल्व्ह, एवढाच हिशेब. ते दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. मी आधी निरोगी माणसाचे आकडे घातले. पडद्यावर दोन रेषा आल्या: एक पंपाच्या आतला दाब, एक व्हॉल्व्हच्या पलीकडचा. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. मग मी बाबांचा आकडा घातला. दोनदा चुकीचा टाइप झाला. आतली रेषा वर चढत चढत दोनशेच्या पुढे गेली. बाहेरची एकशे वीसलाच राहिली.

मला काही समजावून सांगावं लागलं नाही. बाबा पुढे वाकले आणि दोन रेषांमधल्या फटीवर त्यांनी बोट ठेवलं. "इकडे एवढं प्रेशर आणि पलीकडे एवढंच? हा वॉल पावसुद्धा उघडत नाहीये! अगं, पंप जळेल असा. आमच्याकडे असं दिसलं असतं तर मी उभ्या उभ्या लाइन बंद केली असती."

मग मी सांगितलं. बूट, मॉल, वॉल, भिंत, सगळं. त्यांच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून स्क्रीनकडे बघत सांगितलं. म्हटलं, "बाबा, मी ऐकूनच घेतलं नाही. माझ्यामुळे तुमची दीड वर्षं गेली."

मग आई म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष मी ह्यांना अळणी घातलं ते कशासाठी?"

"हो ना!" बाबा एकदम उसळून म्हणाले. "कैरीच्या लोणच्याचे दोन मोसम गेले माझे! दोन!"

आणि ते हसायला लागले. आई हसायला लागली. मला हसू येईना आणि रडूही येईना, मग दोन्ही एकदम आलं आणि मी तोंड दाबून पँट्रीत पळाले. तिथे माझा बॉस वडा खात उभा होता. त्याने मला टिश्यू दिला आणि विचारलं, पेशंट गेला का? मी म्हटलं, नाही अजून.

मला राग येत होता तो बाबांना राग येत नव्हता याचा. घरी जाताना ते आईला समजावत होते, तिचं काय चुकलं, आपणच अर्धे शब्द बोलतो. अहो, ओरडा की माझ्यावर! पण नाही. उलट गाडीत बसून नवऱ्याला फोनवर सांगत होते, तुझ्या बायकोने माझा वॉल कम्प्युटरवर लावून दाखवला, काय हुशार पोरगी आहे! मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांकडे नेलं. पुन्हा इको. डॉक्टर म्हणाले, पंपाची ताकद अजून शाबूत आहे, हे नशीब; पण आता महिने घालवू नका, आठवड्यांत करा, आणि तोवर एकही जिना नको. ऑपरेशन पुण्यालाच करायचं ठरलं, कारण बाबांना शुद्धीवर आल्यावर मराठीत कुरकूर करायची होती. मी रजा टाकून बरोबर गेले. विमानतळावर त्यांना व्हीलचेअर घ्यायला लावली तेव्हा मोठा अपमान झाला म्हणून तोंड पाडून बसले. मग सगळ्या रांगा सोडून खुर्ची थेट पुढे गेली, तेव्हा मागे वळून आम्हाला हात केला.

या सगळ्या दिवसांत मी मनाशी एक पक्कं केलं होतं: आता हृदयाबद्दल कोणालाही एक अक्षर सांगायचं नाही. बँकेतल्या काकांना नाही, लिफ्टमधल्यांना नाही, बाबांना तर मुळीच नाही. डॉक्टर आहेत, ते बघतील.

पुण्यात ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सर्जन आले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या, घाईतल्या पण नीट बोलणाऱ्या. म्हणाल्या, नवा व्हॉल्व्ह दोन प्रकारचा मिळतो. एक धातूचा, तो टिकतो, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. दुसरा प्राण्याच्या पेशींपासून केलेला, त्याला तो त्रास नाही, पण दहापंधरा वर्षांनी पुन्हा बदलावा लागू शकतो. तुमचं वय त्रेसष्ट, म्हणजे दोन्ही चालतील. कुठला घालू?

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिला विचारा."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "बाबा, प्लीज. मी डॉक्टर नाही. मला काही कळत नाही."

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझे वडील माझ्यावर खरे चिडले. "दीड वर्षापूर्वी विचारलं नव्हतं तेव्हा भराभर सांगितलंस. आता मी विचारतोय तर तोंड शिवून बसतेस? चुकलीस ते चुकलीस. पण म्हणून मला एकट्याला सोडणार आहेस का इथे?"

सर्जनबाई फाइलमध्ये बघू लागल्या. आईने पदर डोळ्याला लावला. मला गालफडात बसल्यासारखं झालं, आणि खरं तर तेच मी त्या गाडीत बसून मागत होते. मी वही काढली. सर्जनबाईंना म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून सांगाल का? त्यांनी सांगितलं. मी एकेक वाक्य लिहिलं, बाबांना वाचून दाखवलं, आणि दर वाक्यानंतर थांबले. त्यांना काय म्हणायचंय ते पूर्ण म्हणू दिलं. ते मध्येच पानशेतच्या लाइनवर गेले, कुठल्याशा ठेकेदारावर गेले, परत आले. मी जीभ दातांखाली धरून बसले. अर्धा तास लागला.

शेवटी म्हणाले, "धातूचा घाला. दर महिन्याला तपासायचा म्हणताय ना? तोच बरा. ज्या वॉलकडे महिन्याला माणूस जातो तो चालतो. पंधरा वर्षं काही बघायला नको, असं ज्याच्याबद्दल सांगतात, तोच नेमका बिघडलेला सापडतो. कोणी फिरकतच नाही ना तिकडे." मग माझ्याकडे बघून त्यांना कळलं आपण काय बोललो ते, आणि घाईने म्हणाले, "तुला नाही गं. खात्यातलं सांगतोय."

मी मान हलवली. नातेवाइकाची सही करायची जागा सर्जनबाईंनी दाखवली आणि मी सही केली.

ऑपरेशन पाच तास चाललं. त्या पाच तासांत काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की आईने आणलेली पोळीभाजी मी डबाभर खाल्ली आणि मला चव लागली नाही. मग सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, छान झालं. आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. बाबा तिसऱ्या दिवशी आयसीयूतल्या नर्सला विचारत होते, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं.

मी सिंगापूरला परत आले. पहिला महिना झाला आणि त्यांचा फोन आला. बुधवारी, भर मीटिंगमध्ये. दहा माणसं टेबलाभोवती बसलेली, मी उभी राहून माझी आकृती समजावत होते. फोन बघितला, सगळ्यांना हात करून एक मिनिट म्हटलं आणि दारापाशी जाऊन उचलला.

"रक्ताचा रिपोर्ट आलाय," बाबा म्हणाले. "वाचू?"

मला हवा होता फक्त एक आकडा, रक्त किती पातळ आहे तो. "वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधी लॅबचं नाव. मग पत्ता, अगदी गल्लीच्या खुणेसकट. वेळ सकाळी सात ते रात्री नऊ, रविवारी अर्धा दिवस. पेशंटचं नाव, वय, पुरुष. नमुना घेतल्याची वेळ. बॉसने घड्याळ दाखवलं. मी बोट वर करून थांब म्हटलं. बाबांचा वाचायचा वेग शाळेतल्या मुलाचा. प्रत्येक इंग्रजी शब्द आधी मनात जुळवायचा, मग मोठ्याने. आकडा आला. चांगला होता, अगदी हवा तिथे. माझ्या तोंडाशी 'वा!' आलं. ते मी गिळलं, कारण ते अजून वाचत होते. खालची बारीक अक्षरं, रिपोर्ट फक्त डॉक्टरांच्या माहितीसाठी, शंका असल्यास संपर्क करावा, सहीखालचं नाव, नावापुढची पदवी.

पलीकडे कागद घडी केल्याचा आवाज आला.

"संपलं," बाबा म्हणाले. "आता बोल."